साडेबारा टक्के

भाविका मढवी पेन्सिल धरते
तापल्या तव्याची कड धरावी तशी.
आकडे इतके फिके
की वही ट्यूबलाइटखाली तिरपी करून वाचावी लागते.
"खोडायला सोपं जातं, सर."
हे तिचं पहिलं पूर्ण वाक्य,
जूनच्या तिसऱ्या आठवड्यातलं.

मी एकवीस वर्षं रबाळ्याच्या कंपनीत
द्रावणांची तीव्रता मोजली.
कंपनी बंद पडली, मोजायची खोड राहिली.
आता घणसोलीत, सिडकोच्या दोन खोल्यांत,
घडीच्या टेबलाशी, एका वेळी एकच मूल.
सहा ते आठ बायको टीव्हीचा आवाज चारवर ठेवते
आणि मालिकेतल्या बायका नुसतेच ओठ हलवून भांडतात.

तिच्या आधी शार्विल येतो.
पुढचा धडा घरूनच करून आणतो,
उठता उठता विचारतो, "याच्या पुढे काय?"
दोघं दारात एकमेकांना वाट देतात,
ती त्याचं कच्चं पान बघते,
मग खुर्चीत आणखी थोडी लहान होऊन बसते.
त्याला अडवावं लागतं, हे मला लगेच कळलं.
हिला ढकलायचं नसतं, हे कळायला
ऑगस्ट उजाडला.

तेव्हा दहावीचं पुस्तक मिटलं,
त्याचं कव्हर पाचवीच्या पुस्तकाला चढवलं,
मैत्रिणींना दिसू नये म्हणून.
ही युक्ती तिचीच.

अर्थनियोजनाचा धडा आला.
अठरा टक्के जीएसटी. ती गप्प.
पाच टक्के. गप्प.
मी कंटाळून म्हटलं, "घरी कुठला टक्का ऐकतेस?"
मान वर न करता म्हणाली, "साडेबारा."

खरंच की. गोठिवलीत हा आकडा
जेवताना ताटात वाढतात.
"आजोबांची जमीन किती होती?"
"दोन एकर. खाडीकडची, भाताची. ऐंशी गुंठे."
एकराचे गुंठे तिला कुणी शिकवले नव्हते.

मी कागद दिला. घडी घाल. अजून एक. अजून एक.
उलगडून तिने चौकोन मोजले, आठ.
एका चौकोनावर बोट ठेवून म्हणाली, "हे साडेबारा?"
"हेच."
"म्हणजे दहा गुंठे." मग थांबली.
"पण सर, आमाला दहा नाय भेटले.
रस्ते, बागा, शाळा म्हणून तीस टक्के कापलेत."
"मग काप."

तिने कापले. दहातून तीन.
सात लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं.
तिने माझं पेन उचललं, न विचारता,
आणि मी न सांगितलेली वजाबाकी केली.
ऐंशीतून सात.
"त्र्याहत्तर. हे कुठं लिहू, सर?"

उत्तराखाली दोन रेघा मारायच्या
हे मी शेकडो मुलांना शिकवलंय.
या उत्तराखाली माझी फरशी होती,
टेबलाचे चार पाय होते, माझे दोन.
मी ते खुर्चीखाली जरा ओढून घेतले.
"समासात लिही," म्हटलं.
दुसरं काही सुचलं नाही.

सहामाहीत चाळीसपैकी सतरा.
तिच्या आईने फी पाकिटात घालून दिली,
वर मुठेलीची दोन सुकी, वर्तमानपत्रात गुंडाळून.
वास आठवडाभर बीजगणिताला येत होता.

पेपर माझ्यापुढे सरकवत भाविका म्हणाली,
"टक्के मीच काढले. साडेबेचाळीस."
पेनाने काढले होते.
पान उलटलं तर मागच्या बाजूने
आकडा बोटाला लागत होता.

सात आठे मात्र अजून
कधी कधी चोपन्न होतात.